बुटांसकट आत या

"बूट! बूट कुठे आहेत? नुसत्या पायाला मी काय करू? आधी बूट आणा!"

आमचे डॉक्टर ओरडत होते. त्यांचं ओरडणं साधं नव्हतं. जुन्या पनवेलात पहिल्या मजल्यावर आमचं एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर, आणि बरोबर खाली मिठाईचं दुकान. डॉक्टरांचा आवाज चढला की खालच्या काचेच्या कपाटातले बुंदीचे लाडू बसल्या जागी सुटे व्हायचे, आणि मिठाईवाला वर बघून हात जोडून ते पुन्हा वळायला घ्यायचा.

दारात एक आडदांड गृहस्थ दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून एका पायावर उभे होते. मिशी अशी, की तिच्या दोन्ही टोकांना एकेक पिशवी अडकवून बाजार आणता आला असता. मागे जिनाभर त्यांचं गणगोत.

"बूट खाली काढलेत," ते म्हणाले. "दवाखान्यात कोन बूट घालून येतं का?"

"माझ्याकडे येतात! पाटी वाचली नाही?"

पाटी होती. ‘पादत्राणे बाहेर काढू नयेत.’ अख्ख्या रायगड जिल्ह्यात अशी पाटी दुसरी नसावी. लोक सवयीने वर चढायचे, सवयीने चपला काढायचे आणि आत येऊन ओरडा खायचे. लादी पुसणाऱ्या मावशी त्या पाटीपायी दर आठवड्याला नोकरी सोडायच्या आणि दर आठवड्याला परत यायच्या.

"बुटांचा ऱ्हाऊ द्या, डॉक्टर!" आता ते गृहस्थ डॉक्टरांच्या वर ओरडले. "मना एवढाच सांगा, मी नाचाचा का नाय? पंधरा दिवसांवर भाच्याची हळद हाय. आन् ह्या दुसऱ्या सेंटरच्या कागदात लिवलाय, टाचेवरचा दोर आर्धा तुटलाय म्हनून! हाडाचे डॉक्टर प्लास्टर घालाचा सांगतात!"

मी काउंटरवर बसून रिपोर्ट टाइप करायचो. त्यामुळे माणसं कशाला घाबरून येतात हे मला तोंडपाठ होतं. पण सहा फुटी माणूस नाचता येणार नाही म्हणून रडकुंडीला आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हे झाले मामा. खरं नाव काय होतं कोण जाणे, सगळा जिनाच त्यांना मामा म्हणत होता. उरण रस्त्यावरच्या खाडीकाठच्या गावचे. अर्धा जन्म मिठागरात अनवाणी गेला, मग मिठागराच्या जागी रस्ते आले आणि मामांच्या दारात डंपर आले. बहीण त्यांच्याच घरी राहत होती. मुलगा लहान असतानाच तिचा नवरा गेला. गावातून शाळेच्या वाटेवर खाडीचा चिखल, म्हणून मामा भाच्याला खांद्यावर बसवून शाळेत नेऊन सोडत. आता तोच भाचा इंजिनियर होऊन नवरदेव होणार होता, आणि आमच्याकडच्या हळदीत नवरदेवाला मामाने खांद्यावर घेऊन नाचायचं असतं. बाप नसलेल्या पोराच्या हळदीत मामा प्लास्टर घालून खुर्चीत बसला, तर बहिणीने बघायचं कुणाकडे?

एवढं सगळं मामांनी एका दमात सांगितलं. जिन्यातल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मावशींनी हातातलं फडकं डोळ्यांना लावलं.

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. बूट आणा."

आता डॉक्टरांबद्दल सांगतो, म्हणजे ते निर्दय होते असं वाटायला नको. बुटका, गोल माणूस. दोन्ही खिशांत खडू. अंगातला पांढरा कोट मागून नेहमी काळा, कारण त्यांना कुठेही जमिनीवर बसायची सवय. शरीरात दोनशेच्या वर हाडं असतात म्हणे, पण डॉक्टरांचं खरं प्रेम एका टाचेच्या हाडावर. पोटाच्या सोनोग्राफीला आलेल्या माणसालाही ते जाता जाता विचारायचे, "टाच कशी आहे?" तो बिचारा गोंधळून म्हणायचा, "आहे." डॉक्टर म्हणायचे, "जपा."

बुटांचं त्यांचं म्हणणं असं: "लोक मला टाच दाखवतात. पण ती टाच दिवसभर कुणाच्या संगतीत असते ते दाखवत नाहीत. पोर बिघडलं तर त्याचे मित्र बघायला नकोत?"

ती संगत बिघडवणारा त्यांचा जन्माचा वैरी म्हणजे बुटाची कडक मागची बाजू. त्या काळात आमच्या भागात जमिनींना भाव आला, आणि पिढ्यान्पिढ्या अनवाणी किंवा चपलेत वावरलेली माणसं एकाएकी चकचकीत, टोकदार, मागून लाकडासारख्या कडक बुटांत शिरली. महिन्याभरात टाचेवर सुपारीएवढा फुगवटा घेऊन आमचा जिना चढायची. डॉक्टर त्या बुटांची मागची बाजू आधी बोटाने वाजवून बघत, मग कपाटातून बत्ता काढत. खलबत्त्यातला, पितळी. बूट मांडीवर घेऊन, मागच्या कडेत फडकं घालून ती कड खुडखुड कुटून मऊ करून देत. रिपोर्ट तयार होईपर्यंत बूटही तयार.

एकदा तर स्वतःच्या मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना करवल्या नवऱ्याचे बूट पळवायला गेल्या, तर बूट आधीच गायब. नवऱ्याकडच्यांना वाटलं मुलीकडच्यांनी नेले, मुलीकडच्यांना वाटलं नवऱ्याकडच्यांनी लपवले. दोन्ही बाजूंची माणसं हातघाईवर आली. शेवटी स्वयंपाकघराच्या मागून खुडखुड असा आवाज ऐकू आला. डॉक्टर पाटावर बसून बूट कुटत होते. म्हणाले, "सप्तपदी झाली की हेच घालायचेत. पहिली सात पावलं तरी सुखाने चालू दे त्याला." तेव्हापासून नातेवाईक त्यांना पत्रिका देताना हळूच सांगायचे, बत्ता नको.

त्यांची दुसरी खोड व्याख्यानाची. दुपारी डबा उघडला की ते घडीची पोळी हातात घेऊन समोर कोण आहे ते न बघता सुरू करायचे. "ही बघा. दोन पदर आहेत. मध्ये काय आहे? तेलाचा नुसता हात. दिसतं का? नाही. पण ते नसेल तर पदर सुटतील का? घसरतील का एकमेकांवरून? टाचेत हेच आहे. पोटरीपासून खाली जाड दोर येतो आणि टाचेच्या हाडाला मागून धरतो. दोर आणि हाड यांच्यामध्ये इवलीशी पिशवी, आत तेलाचा हात फिरवल्याएवढा ओलावा. तिचं नाव बर्सा. दोराच्या बाहेर, कातडीखाली, घासून घासून आणखी एक तयार होते. आतली पहिली, बाहेरची दुसरी. दोर हलतो, पिशवी घसरते, माणूस चालतो. पिशवी चिडली की आत पाणी धरते. मग काय होतं? पोळी तव्यावर टाकल्यावर काय होतं?"

"फुगते," आम्ही कोरसात म्हणायचो.

"टम्म!" डॉक्टर आनंदाने ओरडायचे, आणि खालचे लाडू सुटायचे.

या व्याख्यानात रोज त्यांच्या सगळ्या पोळ्या उलगडून संपायच्या आणि ते भाजी नुसती खायचे. डॉक्टरांच्या बायकोला पुष्कळ दिवस वाटत होतं, नवऱ्याला पोळ्या फार आवडतात. त्या बिचाऱ्या वाढवून देत राहिल्या.

तिसरी खोड हलक्या हाताची. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा तो दांडा, त्यांच्या हातात असला की कातडीला कळायचंच नाही. जेलीची बाटली ते गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचे. "घरी आलेल्या पाहुण्याच्या पायावर कुणी बर्फाचं पाणी ओततं का?" आमच्याकडे मुंबईहून नव्या डॉक्टर मॅडम रुजू झाल्या. सोन्याचं पदक मिळवलेल्या. त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी तापवून निवलेल्या दुधाचं पातेलं ठेवण्यात आलं. वर जाड साय. प्रोबला प्लास्टिकची पिशवी चढवली.

"टेकवा," डॉक्टर म्हणाले. "सायीला कळता कामा नये."

मॅडमनी टेकवला. साय फाटली.

"आज टाच नाही. उद्या परत."

तीन आठवडे त्या बाईंनी साय फाडली. त्या दुधाचा चहा सगळ्या स्टाफने प्यायला. मग एक दिवस साय नुसती थरथरली आणि प्रोब वर राहिला. त्या दिवशी डॉक्टरांनी मिठाईवाल्याला वर बोलावून सगळ्यांना लाडू वाटले. सुटेच होते, द्रोणातून वाटले.

तर मामांचे बूट आले. काळे, चकचकीत, इतके टोकदार की पुढच्या टोकाने नारळ सोलता यावा. डॉक्टरांनी ते टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले, मागची बाजू वाजवली. टकटक. दार वाजवल्यासारखा आवाज आला.

"हं," ते म्हणाले. "बाहेरची फुगली असणार. आता आतलीचं बघू. एक्स-रे आडवा काढा, बाजूने."

फोटो आला तसा त्यांनी काचेवर लावला आणि मामांना जवळ बोलावलं. आमच्याकडे पेशंटला फोटो समजावून सांगितल्याशिवाय सोडत नसत, मग मागचे पेशंट वाट बघून बरे झाले तरी चालेल.

"हे टाचेचं हाड. हा मागून उतरणारा दोर. या दोघांच्या मध्ये काळा त्रिकोण दिसतो? ती चरबी. चांगल्या टाचेत याचा खालचा कोपरा सुरीने कापल्यासारखा हाडापर्यंत काळा उतरतो. तुमचा कसा आहे?"

मामांनी डोळे बारीक केले. "पुसल्यासारखा."

"शाबास! कुणी पुसला? पिशवीने. तिने पाणी धरलं आणि चरबी बाजूला सारून कोपऱ्यात बसली."

"मंग दोर तुटला नाय?"

"फोटोत दोर तुटलाय का ते कळत नाही. खाली तोंड करून झोपा, पाय टेबलाच्या बाहेर लोंबू द्या."

मामा पालथे झोपले. टेबल कण्हलं. मॅडमनी कोमट जेली लावली, प्रोब टेकवला. खोलीत मामा, मॅडम, डॉक्टर, मी आणि दाराच्या फटीतून एकावर एक रचलेली मामांच्या नातेवाइकांची सात-आठ डोकी. पडद्यावर करड्या रेघा आल्या आणि दोराच्या खालच्या टोकाशी एक काळा डाग दिसला. आधीच्या कागदात लिहिलं होतं ते हेच असणार. पिशवी तर कुठेच दिसत नव्हती.

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुटल्यासारखं वाटतंय. आणि बर्सात पाणी नाहीये."

"हात," डॉक्टर म्हणाले.

"सर, हलकाच आहे."

"मॅडम, तुम्हाला या मामांची काळजी वाटते आहे. काळजी वाटली की हात जड होतो. दूध आठवा."

मॅडमनी डोळे मिटले. श्वास सोडला. त्यांचा खांदा खाली आला, मग कोपर, मग मनगट. आणि पडद्यावर, दोर आणि हाड यांच्या मधल्या बारीक फटीत, काळंभोर काहीतरी हळूच उगवलं. स्वल्पविरामाच्या आकाराचं. वाढत वाढत चांगलं टपोरं झालं.

"आली!" डॉक्टर ओरडले. खाली दुकानात काय झालं असेल ते झालं. "दाबलं की पाणी बाजूला पळतं आणि ‘पिशवीत काही नाही’ असं वाटतं. आता दोर. मॅडम, प्रोबचं खालचं टोक किंचित उचला. आणखी. दोराला सरळ समोरून भेटा, तिरक्या नजरेने नको."

मॅडमनी प्रोब केसभर कलवला आणि तो काळा डाग उजळला. जिथे तुटलंय वाटत होतं तिथे एकसंध, चमकदार रेघा. पुन्हा कलवला, डाग आला. पुन्हा सरळ केला, गेला.

दाराच्या फटीतली सगळ्यात खालची बाई म्हणाली, "माझ्या धूपछाँव साडीवानी."

डॉक्टर तिच्याकडे वळले आणि वाकून नमस्कार केला. "अगदी तसंच, बाई. दोराचे धागे तिथे वळून हाडात शिरतात. तिरकं बघितलं की काळे दिसतात. साडी फाटलेली नसते."

मामांचा पालथा आवाज उशीतून आला. "म्हंजे मी नाचाचा?"

"थांबा. यावर एक तरुण माणूस बसवायचा आहे. मी माझ्या एका डोळ्यावर विश्वास ठेवणार नाही. एमआरआय करून या."

मामा एमआरआय करून आले. त्या बोगद्यात मशीन ठकठक वाजायला लागलं तसे मामा त्या तालावर आतल्या आत मिशी हलवत होते, असं त्यांच्या मेव्हण्याने शपथेवर सांगितलं. फिल्म काचेवर लागली. दोर वरपासून खालपर्यंत काळा, अखंड, कुठे चीर नाही. आणि दोराच्या पुढे, हाडाला टेकून, लख्ख पांढरा चौकोनी ठिपका.

मामा बघतच राहिले. "ह्यो तर मिठाचा वाफा! पानी आटल्यावं आसाच पांढरा दिसतं."

"या फिल्ममध्ये पाणी पांढरं दिसतं," डॉक्टर म्हणाले. पण मिठाचं नाव निघालं तसे त्यांचे कान टवकारले. उठले आणि बूट पुन्हा हातात घेतले.

मला त्यांचा तो चेहरा माहीत होता. खजिना दोन हातांवर असल्यासारखा. त्यांनी बुटाच्या आत बोट घालून शिवणीवरून फिरवलं, बाहेर काढलं, उजेडात धरलं. बोटाला काहीतरी चमकत होतं. आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ते जिभेला लावलं.

मॅडमनी तोंड फिरवलं. मावशी म्हणाल्या, "मी नोकरी सोडली."

"मीठ!" डॉक्टर म्हणाले. "जाडं मीठ! बाहेरची पिशवी बुटाने चिडवली, कबूल. पण आतली नुसत्या बुटाने एवढी फुगत नाही. आतलीला भार लागतो. मामा, तुम्ही मिठागर सोडून वर्षं झाली. नव्या बुटात मीठ कुठून आलं?"

मामा छताकडे बघायला लागले. सहा फुटी माणूस एवढा अंग चोरू शकतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी मामांची बायको पुढे झाली. आम्ही सगळे तिला मामीच म्हणायला लागलो होतो.

"सांगा ना आता," ती म्हणाली. "नायतर मी सांगतं."

"तू गप."

"संद्याकाली घराच्या मागं जातान, डॉक्टर. ते बूट घालतान. मिठाची गोनी खांद्यावर घेतान. आन् नाचतान."

डॉक्टरांनी बूट खाली ठेवला.

"भाचा वजनदार झालाय," मामा जमिनीशी बोलल्यासारखे म्हणाले. "लहान व्हता तवा उचलला, आता जमंल का नाय काय ठावं? भर हलदीत पडला तर? म्हनून तालीम केली. गोनी त्याच्याच वजनाची भरली. फाटकी व्हती जरा."

"किती दिवस?"

"मोप दिवस," मामी म्हणाली. "शेजारचे म्हनतात, मामाच्या आंगात येतं."

मला वाटलं आता डॉक्टर आभाळ डोक्यावर घेणार. पण ते खाली बसले. नेहमीसारखे जमिनीवर. आणि हसायला लागले. आधी पोट हललं, मग खडू खिशातून बाहेर पडले, मग डोळ्यांतून पाणी. मग मामाही हसायला लागले, मग जिना. त्या हसण्याने खालच्या दुकानातली शंकरपाळी गोल झाली म्हणतात.

मग डॉक्टर मामांच्या त्या हाडांच्या डॉक्टरांशी फोनवर बराच वेळ भांडले आणि शेवटी दोघांचं ठरलं. हळदीपर्यंत तालीम बंद. बूट बंद. रोज टाच बर्फात. आणि पायात असं काहीतरी, की टाच थोडी वर उचललेली राहील म्हणजे आतल्या पिशवीवर दाब येणार नाही, आणि मागून पूर्ण उघडं, म्हणजे बाहेरचीला घासणार नाही.

"टाच उचललेली आन् मागनं उघडी," मामा विचार करत म्हणाले. "आसला पायतान कुठं मिलतं?"

डॉक्टरांनी मामीच्या पायांकडे बोट दाखवलं. तिच्या पायात उंच टाचेच्या, मागून उघड्या, सोनेरी सपाता होत्या.

मामांची मिशी खाली आली. आधी डावी, मग उजवी.

"डॉक्टर, मी गावचा उपसरपंच व्हतू."

"मग ठरवा. उपसरपंच व्हायचंय की मामा व्हायचंय?"

पनवेलच्या बाजारात एवढ्या मापाच्या बायकी सपाता नव्हत्या. शेवटी एका चांभारदादांकडून शिवून घेतल्या. त्यांनी दोनदा विचारलं, "बाईंचं माप हेच ना?" मामा म्हणाले, "बाई आंगानं मोठी हाय." बर्फाची सोय उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर झाली. तिथल्या ओळखीच्या कोळणीने मासळीच्या पेटीत जागा करून दिली. रोज सकाळी मामा स्टुलावर बसून पापलेटांच्या शेजारी टाच ठेवून बसत. गिऱ्हाईक वाकून विचारायचं, "हे मोठं काय आहे?" ती म्हणायची, "ते इकायचं नाय."

हळदीच्या दिवशी सकाळी मामा आले, सपातांत टकटक करत. बुटांसकट आत या म्हणून कुणाला ओरडावं लागलं नाही. मॅडमनी प्रोब टेकवला. साय हलली नसती असा. आतली पिशवी उरली होती, पण फुगलेल्या पोळीची आता शिळी पोळी झाली होती. दोर चमकत होता.

"एक गाणं," डॉक्टर म्हणाले. "एकच. दोर तुटणार नाही. पण पिशवी पुन्हा चिडली तर महिनाभर मला तोंड दाखवू नका. आणि मी स्वतः येऊन टाचेवर नजर ठेवणार. टाच खाली दाबली गेलेली दिसली की नवरदेव खाली."

"या की!" मामा म्हणाले. "बत्ता बी आना."

आम्ही सगळे गेलो. मांडव एवढा मोठा की एका टोकाला हळद लागली आणि दुसऱ्या टोकाला पत्रिका वाटणं चालू होतं. दिवेलागण होत होती. बेंजोवाल्याने पहिला सूर लावला तसे मामा पुढे आले. धोतर, फेटा, आणि पायांत सोनेरी उंच टाचेच्या सपाता. मांडवाच्या नजरा खाली गेल्या. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "शोभतात रं तुला." आणि मांडव जो फुटला तो फुटलाच. मामांनी खाली बसून भाच्याला खांद्यावर घेतलं. बहीण समोर उभी होती, दोन्ही हात तोंडावर. मामा उठले. आणि नाचले.

इकडे डॉक्टरांना गर्दीत टाच दिसेना. ते आधी वाकले, मग गुडघ्यांवर आले, मग सरळ पोटावर पालथे पडले, हातात टॉर्च. मामा गिरकी घेतील तिकडे डॉक्टर जमिनीवरून वळवळत जाणार, मान वर करून टाचेवर उजेड टाकणार. बेंजोवाल्याने ते बघितलं. त्याचा जो समज व्हायचा तो झाला. त्याने लगेच पुंगीची चाल धरली. एकाने रुमाल तोंडात धरून डॉक्टरांसमोर पुंगी वाजवायला सुरुवात केली. दुसरा पडला, तिसरा पडला. बघता बघता अर्धा मांडव पोटावर आणि वर सोनेरी सपातांतले मामा, आणि त्यांच्या खांद्यावर हळदीने पिवळा झालेला नवरदेव.

"गाणं संपलं!" डॉक्टर खालून ओरडत होते. "एकच ठरलं होतं!"

"संपला कुठं?" मामा वरून ओरडले. "बेंजो थांबलाय का?"

बेंजो थांबेना. मी त्या टाचेकडे बघत होतो. बाजूला मॅडमही गुडघ्यांवर होत्या, साडीसकट. टाच उचललेली होती. डगमगली, पुन्हा सावरली. दोर कातडीखालून ताणलेला दिसत होता, अखंड. मांडवाच्या तीन प्रदक्षिणा झाल्यावर मामांनी भाच्याला थेट बहिणीसमोर नेऊन उतरवलं, अलगद, सायीवर ठेवावं तसा. तिने आधी भावाच्या गालाला हळद लावली आणि मग पोराच्या.

चार दिवसांनी सकाळी ती सेंटरवर आली. हातात पेढ्यांचा बॉक्स, बरोबर नवरदेव, नव्या शर्टात, चापून भांग पाडलेला. मामाही होते, सपातांत. टाच मॅडमनी बघितली, ठीक होती. बहिणीने मुलाला पुढे केलं, डॉक्टरांच्या पायांवर वाकायला लावलं. तो वाकून उठला.

"डॉक्टर," ती म्हणाली. पदराने डोळे पुसून तिने पुन्हा सुरुवात केली. "तुमच्यामुलं भावाच्या खांद्यावर बसून नाचला बघा माजा पोऱ्या. कसा दिसत व्हता ना? वलखलात ना ह्याला?"

डॉक्टरांनी त्या मुलाकडे नीट निरखून बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "मी वर बघितलं नव्हतं."